मल्टँग्युलर टोपली

नाही, पण मी म्हणते, माझं चुकलं कुठे? मला वाटलं होतं, पाच वर्षं स्कॉटलंडात गणित शिकून गावी परतेन, फळ्यासमोर उभी राहीन, एकेक शब्द उच्चारीन आणि मुलांच्या डोळ्यांत दिवे लागतील... आणि सापडलं काय? तर आज आमच्या अख्ख्या सरोवरकाठी हट्टी बकरीला मल्टँग्युलर म्हणतात! चालू न होणाऱ्या बोटीच्या इंजिनाला म्हणतात! परवा चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रार्थना आवरती घेईनात, तर मागून कुजबूज आली, "आज फारच मल्टँग्युलर झालेत." अहो, मल्टँग्युलर म्हणजे अनेक कोन असलेला. एवढंच! बास!

तुम्ही म्हणाल, मग साधा शब्द वापरायचा. वापरता आला असता हो, पण हा तोंडात कसा भरतो बघा ना, उकडलेल्या रताळ्यासारखा! आणि पुस्तकांतही क्वचित भेटतो. मला एकदा जुन्या किल्ल्याच्या वर्णनात भेटला, एकदा स्फटिकांच्या, आणि एकदा, हसू नका, हाडांच्या पुस्तकात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, एक बोराएवढं हाड असतं ना, त्याला मल्टँग्युलर म्हणतात. ते हाड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर झिओने. माझ्या आठवीतली, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्गातली पोर. परीक्षेत पहिली आली, माध्यमिक शाळेच्या यादीत नाव लागलं, मी नाचायची तेवढी बाकी होते, आणि तिचे आजोबा म्हणाले, नाही. अगोगो सेमू; आमच्याकडे आजोबांना अगोगोच म्हणतात. माशांच्या टोपल्या विणतात. म्हणाले, "ती शाळेत गेली तर कामट्या कोण तासणार? माझे डोळे? ते गेल्या वर्षीच संपावर गेलेत."

मी त्यांच्या अंगणात जाऊन भाषण सुरू केलं. "अगोगो, शिक्षणाने माणूस..."

"भाषण नको, बाई. पाच वर्षं लांब राहून आलीस ना? काय आणलंस ते दाखव."

आता माझ्यासमोर काय होतं? टोपली! बांबूच्या कामट्या तीन दिशांनी एकमेकींत घातलेल्या आणि मधे सुंदर सहाकोनी भोकं, थेट मधाचं पोळं. माझं भानच गेलं. "अगोगो! तुमच्या टोपलीचं प्रत्येक भोक मल्टँग्युलर आहे!"

"आजारी आहे का ती?"

"छे हो! मल्टँग्युलर म्हणजे अनेक कोन असलेलं. हे बघा, सहा. इथे सहा. इथे... अं... पाच? इथेही पाच. अगोगो, बुडाच्या कडेला सहा भोकं चुकलीत तुमची!"

अंगणात कोंबडीसुद्धा चोच उघडी ठेवून थांबली.

"असं?" अगोगो म्हणाले. "म्हणजे चाळीस वर्षं चुकतोय मी?"

"हरकत नाही, सुधारता येईल." हे कोण म्हणालं? मी म्हणाले! मी!!

"मग शनिवारी तूच वीण. सगळी भोकं सहा कोनांची. टोपली उभी राहिली तर सोमवारी झिओने शाळेत. नाही राहिली तर पोरगी माझ्यापाशी. पुन्हा विषय काढायचा नाही."

झिओने त्यांच्या मागे उभी राहून मान हलवत होती, नको मॅडम, नको मॅडम, डोळे एवढाले करून. तिला माहीत होतं हो! आणि मी तिला खुणेनं धीर दिला. धीर! मी!

शनिवारी आंब्याखाली सगळं गाव. गावप्रमुख बाम्बो कासाकुला टोपी घालून खुर्चीवर, शेजारच्या आमायी नासोलो न्सिमाचं, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचं, भांडं चुलीवर ठेवून हजर. मी विणायला बसले. एक सहाकोन, दुसरा सहाकोन, वीस, चाळीस, काय देखणे! म्हटलं, आता कड वर उचलेल. पन्नास झाले. म्हटलं, आता उचलेल. शंभर... बाम्बोंची खुर्ची मागे सरकवावी लागली. दोनशे... एक बदक त्यावरून चालत गेलं.

आमायी नासोलो म्हणाल्या, "मॅडम, ही टोपली आहे की अंथरूण? अंथरूण असेल तर माझ्या नवऱ्याच्या मापाचं करा, पाय बाहेर येतात त्याचे."

"वळेल हो, जरा थांबा!"

"थांबू की. पण सरोवरापर्यंत पोहोचली म्हणजे सांगा, मासे आपणहून चालत येतील."

शेवटी मी जोर लावला. चारही बाजूंनी चौघांना धरायला लावलं, "वाकवा! आणखी वाकवा! आता सोडा..." सोडली मात्र, फाट्! सगळी सपाट! आणि जाता जाता बाम्बो कासाकुलांची टोपी उडाली ती थेट न्सिमात. गाव लोळलं. टोपी पळीने बाहेर काढत बाम्बो गरजले, "वाकतच नाही ही! काय ते नाव... मल्टँग्युलर!" झालं. शब्दाचा अर्थ तिथे ठरला. मी ओरडतेय, "अनेक कोन! एवढंच!" ऐकतो कोण?

मग अगोगो उठले. बोटांनी चाचपत एका जागी आले, एक कामटी उसवून काढली, भोवतालच्या ओढून घेतल्या. सहाचे पाच कोन झाले. आणि कड उचलली गेली हो! झोपलेल्या कुत्र्याने कान टवकारावा तशी! ती सहा भोकं चुकलेली नव्हतीच. त्यांच्यामुळेच टोपली वळते. सगळी सहाकोनी ठेवली तर जन्मभर सपाटच. आणि सांगू का? हे मी परीक्षेत लिहिलं होतं. सिद्ध करून! वीसपैकी एकोणीस!

"तुझी भोकं फार शिकलेली आहेत, मॅडम," अगोगो म्हणाले. "एकही कमीपणा घ्यायला तयार नाही."

मीही हसले. सगळे हसत होते. मग झिओने दिसली. ती हसत नव्हती. तिने माझ्या पायाशी पडलेला कामट्या तासायचा कोयता उचलला, कमरेच्या कापडाला पुसला आणि घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चची घंटा व्हायच्या आत मी अगोगोंच्या अंगणात. झिओने ज्या पालथ्या उखळावर बसून कामट्या तासते ना, त्यावर जाऊन बसले. "अगोगो, माझी शाळा दीडला सुटते. दीडपासून अंधार पडेपर्यंत कामट्या मी तासणार. उद्यापासून झिओने शाळेत."

"पैज हरलीस ना काल?"

"हरले. मी हरले. झिओने कुठे हरली?"

म्हाताऱ्याने माझे तळवे चाचपले. मग म्हणाला, "तुला येतं काय?"

"काही येत नाही."

"हं. आल्यापासून हे पहिलं खरं बोललीस. कोणत्या इयत्तेत घालू?"

"पहिलीत."

"मग म्हण. सहा, सहा, सहा, पाच."

म्हटलं! एम. एस्सी. झालेल्या बाईने, उखळावर बसून, मोठ्याने, सहा सहा सहा पाच! आतून झिओनेचं हसू फुटलेलं ऐकलं आणि कोयता हातात घेतला. तिसऱ्याच कामटीला अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की काय सांगू... तेच ते! बोराएवढं!

"काय झालं?"

"अगोगो, इथे आत एक हाड असतं. त्याचं नाव..."

"ठाऊक आहे मला," अगोगो माझा अंगठा चेपत म्हणाले. "वाकत नाही. मल्टँग्युलर."

आता यांना चूक कोणत्या तोंडाने सांगू?