कवळी कोणाची?

...आणि वर मलाच विचारतात, ‘अगं, पण तू लिहिलंसच कशाला?’ अहो, कशाला म्हणजे? मला काय हौस होती? म्हणजे... होती. हौसच होती, खोटं कशाला बोलू! पण आपल्याला हौस असणं वेगळं आणि अख्ख्या गल्लीने भांडायला दारात येणं वेगळं, एवढं तरी पटतंय ना तुम्हाला?

तुम्हाला सांगते, सगळं त्या टाचणीमुळे झालं. टाचणी म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. अंगाने तेवढीच, टोचतेही तशीच. तिचा ब्लॉग आहे. मी म्हटलं, मीही काढते, त्यात काय एवढं? तर नाव शोधण्यातच आठवडा गेला. मग रंग! पाठीमागे निळा ठेवू की पिवळा, यावर जेवढा विचार केला तेवढा मी कॉलेजात कुठला विषय घ्यायचा यावरही केला नव्हता, आणि ते माझ्या निकालात दिसतंच. सगळं सजवलं, हात चोळले, बोटं कीबोर्डवर ठेवली... आणि लक्षात आलं, आपल्याला सांगण्यासारखं काही म्हणजे काहीच नाही! शेवटी लिहिलं, ‘नमस्कार, मी आले आहे.’ कुठून आलीस, असं कुणीही विचारलं नाही. वाचक एक. तीही मीच, शुद्धलेखन तपासायला सारखी उघडून बघत होते.

टाचणीपुढे रडले, ‘अगं, माझ्या आयुष्यात काही घडतच नाही!’ तर ती डोळे मिटून, एखाद्या साध्वीसारखी म्हणते कशी, ‘घडायला कशाला हवंय? रोजचं लिही. जे दिसतं ते लिही!’

जे दिसतं ते लिही म्हणे! आता आमच्या घरात काय दिसतं, माहीत आहे? जबडे! माझे बाबा कवळ्या बनवतात. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, आणि बाबा मागच्या खोलीत बसून प्लास्टर ओततात, मेण लावतात, दात बसवतात, घासतात. त्या खोलीला दार आहे, पण ते बंद झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. खिडकीत जबडे ओळीने मांडलेले आणि बाबांच्या त्यांच्याशी गप्पा. ‘काय साहेब, आज जरा वाकडे दिसताय?’ ‘बाई, तुम्ही थोडं कमी चावा बघू.’ माझ्या मैत्रिणी घरी आल्या की किंचाळायच्या. मला काही वाटत नाही, मी त्या जबड्यांना साक्षी ठेवून पाढे पाठ केलेत!

तर ते लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य टाकलं, कसं सुचलं देव जाणे: ‘आमच्या गल्लीत एक प्रतिष्ठित व्यक्ती आहे. या वयात काय दात आहेत हो, असं लोक म्हणतात. पण तिचं ते हसू पहिल्यांदा हसलं, ते आमच्या खिडकीत.’ आहे की नाही झकास? नाव नाही, वय नाही, काही नाही! मनात होत्या समोरच्या बाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पण त्यांना कळणार कसं? वाचतंय कोण? मीच!

पण मला आई आहे, हे मी विसरले. आईने पोस्ट पाहिली, म्हणजे फक्त वरचं माझं नाव पाहिलं, ऊर भरून आला, आणि एक ओळही न वाचता तिने ती अख्ख्या गल्लीला पाठवली. ‘माझ्या लेकीने लिहिलंय, सगळ्यांनी वाचा!’

वाचलं. सगळ्यांनी वाचलं!

सकाळी वरच्या शिवणकामवाल्या मावशी दारात. ‘माझे दात चव्हाट्यावर मांडलेस होय गं?’ मी गारच! मावशींचे दात खोटे? त्या जिना चढतात न चढतात तोच गाण्याचे क्लास घेणाऱ्या काकू. ‘आता माझ्या शिष्यांपुढे मी आ कसा करू?’ त्यांच्या मागोमाग निवृत्त कंडक्टरकाका! मी म्हटलं, ‘काका, तुम्ही नाही हो, मी “तिचं हसू” लिहिलंय!’ तर काका कडाडले, ‘व्यक्ती हा शब्दच स्त्रीलिंगी आहे! पुरुष काय व्यक्ती नसतो?’ आता व्याकरणापुढे मी काय बोलणार? ज्याला कवळी नव्हती असा त्या गल्लीत कुणी होता की नाही, याचीच मला शंका यायला लागली. जे दिसतं ते लिही म्हणे! अहो, मला जे दिसलंही नव्हतं, तेसुद्धा दारात येऊन उभं राहिलं!

इथवर मी हसत होते. मग बाबांना काम पाठवणाऱ्या दाताच्या डॉक्टरांचा फोन आला. बाबांनाच. पलीकडचा आवाज आम्हाला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. ‘पेशंट विश्वासाने माझ्याकडे येतात, आणि तुमच्या घरातून त्यांची जाहिरात होते? असंच असेल तर काम दुसऱ्याकडे देतो!’ बाबा नुसतं ‘हो... हो डॉक्टर’ म्हणत राहिले. मग आईच्या फोनवर त्यांनी माझी पोस्ट वाचली. चष्मा काढला, पुसला, फोन आईच्या हातात दिला, मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आपटलं असतं ना, तर मी भांडले असते हो. लोटलेल्या दाराशी काय भांडणार? आतून घासायच्या यंत्राचा आवाज येत होता. गप्पा बंद होत्या.

मग मात्र मला राहवेना. गेले समोरच्या बाईंकडे. म्हटलं, निदान ज्यांचं खरंच लिहिलंय त्यांची तरी माफी मागू. ‘बाई, चुकलं माझं, मी ब्लॉगवर तुमच्या दातांचं...’

बाई म्हणाल्या, ‘कसला ब्लॉग?’

त्यांना पत्ताच नव्हता! त्यांच्याकडे साधा, बटणांचा फोन! मग काय, वाचून दाखव म्हणाल्या. उभं राहून, मोठ्याने, स्पष्ट! संपलं. आणि बाई अशा हसल्या म्हणून सांगू, खो खो, डोळ्यांतून पाणी! मी घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, तर म्हणाल्या, ‘बघतेस काय? तुझ्या बाबांचं काम आहे, हलायचं नाही!’ मग गंभीर झाल्या. ‘पण अर्धवट लिहिलंस. पहिल्या दिवशी मला “स” म्हणता येईना. जन्मभर मुलांचे उच्चार सुधारले आणि माझाच “स” शिट्टी मारायला लागला! तुझ्या बाबांसमोर बसून संध्याकाळभर “सशाची सावली” म्हणत होते. ते ऐकायचे, कणभर घासायचे, “म्हणा पुन्हा” म्हणायचे. एकदाही हसले नाहीत. हे का नाही लिहिलंस?’

‘मला माहीत नव्हतं, बाई.’

‘विचारलं होतंस?’

मग मी डॉक्टरांच्या फोनचंही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाई तडक त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. भरलेल्या बाकांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘त्या लेखातली व्यक्ती मी आहे. कुणाला काही म्हणायचंय?’ तर कंडक्टरकाका तिथेच बसलेले. ‘अहो बाई, ती मी आहे!’ शेजारच्या बाकावरून गाण्याच्या काकू म्हणतात, ‘छे, लोक दातांची स्तुती करतात ती माझ्या!’ काल ज्यावरून भांडले, आज त्याच्यासाठी भांडण! दोन नव्या पेशंटनी तर डॉक्टरांना सांगितलं, कवळी त्या खिडकीवाल्यांकडूनच हवी. डॉक्टरांचा पुन्हा फोन, आवाजात साखर. ‘ते लेखाचं जाऊ द्या हो, तेवढं काम जरा लवकर...’

संध्याकाळी मी दार ढकललं. म्हटलं, ‘बाबा, मी ब्लॉग बंद करते.’ बाबांनी वर पाहिलंच नाही. हातातल्या जबड्याला म्हणाले, ‘ऐकलंत का साहेब? आमची मुलगी लिहिणं बंद करणार म्हणे. आपल्यावर आजवर कुणी दोन ओळी तरी लिहिल्या होत्या का, सांगा बरं.’

साहेब काही बोलले नाहीत. मी बाहेर आले, दार मात्र सताड उघडं ठेवलं.

तर लिहिते अजून. पण म्हटलं, आता माणसं नकोत बाई. परवा शहाण्यासारखं आभाळावर लिहिलं. नुसतं आभाळ! जे दिसतं ते! एक काळा, फुगलेला ढग, उगाच गडगडतो आणि थेंबही न देता निघून जातो. बस, एवढंच.

सकाळी दारात आमचे घरमालक. लालबुंद.

‘तो ढग म्हणजे मीच ना?’