मोठा सेन्सर, पळता कॅमेरा आणि धर्माजीने सोडलेला चहा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या छायाचित्रकार संघटनेचे सन्माननीय सोपानराव. अवसरी खुर्दच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून खास वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राध्यापक कल्याणी मॅडम. आजचे सत्कारमूर्ती धर्माजी रोकडे आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या अंजनावहिनी. संघटनेचे सचिव कपिल, ज्यांची दाढ आता बरी आहे असं समजतं. व्यासपीठावरचे आणि व्यासपीठावर जागा न मिळाल्यामुळे थोडे रागावलेले सर्व मान्यवर. आणि मागच्या रांगेत बसून मसालेभाताच्या वासावर लक्ष ठेवणारे माझे जुन्नर-आंबेगावातले व्यवसायबंधू आणि भगिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार आणि जय भीम.

सुरुवातीलाच एक विनंती. मधल्या वाटेत एक ट्रायपॉड उभा आहे आणि त्यावर कापड झाकलंय. सकाळपासून सात जण त्याला अडखळले. कृपा करून त्याला धक्का लावू नका. तो तिथं का आहे ते मी शेवटी सांगणार आहे. आत्ता सांगितलं तर तुम्ही भाषण ऐकणार नाही.

मी नवनाथ घोलप. घोडेगावात धर्माजीच्या स्टुडिओसमोर माझा स्टुडिओ. मध्ये फक्त रस्ता. एकतीस वर्षं आम्ही एकमेकांच्या गिऱ्हाइकांकडे त्या रस्त्यावरून पाहत आलो. निरोपाचं भाषण त्याच्या समोरच्यानेच करायचं, असं संघटनेनं ठरवलं. का ठरवलं असेल? बहुधा त्यांना वाटलं, याच्याइतकं त्या माणसावर लक्ष दुसऱ्या कुणी ठेवलेलं नाही. आणि आता एवढं औपचारिक बोलून झाल्यावर मी त्याला अरे-तुरे करणार आहे. अहो-जाहो केलं तर त्यालाच वाटेल, निरोप दुसऱ्या कुणाचा चाललाय.

धर्माजीचा आणि माझा फरक पहिल्यापासून एकच. मी घाई करतो, तो थांबतो. रोलच्या काळातली गोष्ट सांगतो. शिनोलीला धर्माजीच्या बौद्ध समाजातलं एक लग्न होतं. त्याला एका बाजूच्या पाहुण्यांनी बोलावलं होतं, मला दुसऱ्या, त्यामुळे आम्ही दोघंही कॅमेरे घेऊन हजर. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि वधू-वरांनी एकमेकांना हार घातले. तोपर्यंत मी अख्खा रोल संपवून बसलेलो. मी सरळ पुढे गेलो आणि म्हणालो, "हार काढा जरा, परत घाला." नवरीच्या मामानं माझ्याकडे असं पाहिलं की मी जेवायला थांबलोच नाही. धर्माजीच्या रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. तो त्यानं राखून ठेवला होता. तो फोटो आजही त्या घरात भिंतीवर आहे. माझे छत्तीस कुठं आहेत, मला माहीत नाही.

असा हा माणूस. समोर नवरदेव असो, तहसीलदार असो, की रडकं पोर असो, याचे दोनच शब्द, "हलू नका." या तालुक्यात असा माणूस नसेल ज्याला धर्माजीनं आयुष्यात एकदा तरी "हलू नका" म्हटलेलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी संघटनेनं ठरवलं की सगळ्यांसाठी मिळून एक चांगला व्यावसायिक कॅमेरा घ्यायचा. ज्याचं काम असेल त्यानं न्यावा, परत आणून ठेवावा. ठराव एकमतानं झाला. आणि एकमत तिथंच संपलं. कोणता घ्यायचा?

जे आपल्या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी जिथं फिल्म बसायची, तिथं आता सेन्सर असतो. त्यावर उजेड पडतो आणि फोटो तयार होतो. धर्माजीचं म्हणणं, सर्वांत मोठ्या सेन्सरचा घ्या. त्याचा दाखला ठरलेला, "उजेड म्हंजे पाऊस. दहा गुंठ्यावर पडतो तसाच एकरावर पडतो. पन पानी साठतं कुठं जास्त?" मी म्हणायचो, "वावर मोठं हाय रं, पन औत चालायला दुपार व्हती त्याचं काय?" कारण तो मोठ्या सेन्सरचा कॅमेरा सेकंदाला जेमतेम तीन फोटो काढायचा. माझ्या मनातला, त्याहून लहान सेन्सरचा, सेकंदाला तीस! वर त्याला माणसाचाच काय, जनावराचासुद्धा डोळा ओळखू यायचा. डोळा धरला की सोडत नाही.

दोन तट पडले. लग्नसराईत आपली माणसं भाजी मागताना वाढप्यालासुद्धा "तू मोठ्याचा की वेगाचा?" असं विचारू लागली. शेवटी आम्ही कल्याणी मॅडमना बोलावलं. त्यांनी फळ्यावर आकृती काढून दीड तास समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्ही कशाचे फोटो काढता, यावर ते अवलंबून आहे." दोन्ही तटांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मॅडम, त्या दिवशी आपण दोघांनाही जिंकल्यासारखं वाटायला लावलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. ते आज मानतो.

मग अध्यक्षांनी तोडगा काढला. दोन्ही कॅमेरे पुण्याहून एक दिवस भाड्यानं आणायचे आणि यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत पारखायचे. गाडामालक गेणूशेठचे बैल त्या दिवशी पळणार होते. बैल निशाण ओलांडतानाचा फोटो जो देईल, त्याचा कॅमेरा घ्यायचा.

माझ्याकडे वेगवान. धर्माजीकडे मोठा. गाडे पळतात त्या घाटाच्या कडेला मी गुडघ्यावर बसलो. धर्माजीनं ट्रायपॉड लावला आणि त्याची पातळी बघण्यात तीन गाड्यांच्या बाऱ्या घालवल्या. गेणूशेठच्या गाड्याचा पुकारा झाला, निवेदकानं भिर्रर्र केलं, आणि मी बटणावर जे बोट ठेवलं ते उचललंच नाही. बारा सेकंद! तीनशे साठ फोटो! छाती भरून आली.

आता आपल्या घाटात बैलांच्या पुढं काय पळतं? घोडी. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, आपल्याला नाही. पण तो कॅमेरा बाहेरचाच की. त्यानं सगळ्यात पुढचा डोळा पाहिला आणि धरला. चार बैलांचे आठ डोळे सोडून त्यानं घोडीचा एक डोळा तीनशे साठ वेळा काढला. पापण्यांचे केस मोजावेत असा स्पष्ट. मागं चार तपकिरी ढग. ते बैल असावेत.

धर्माजीनं एकच फोटो काढला. बैल येऊन गेल्यावर. त्याच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात एक शेपूट होतं, आणि बाकी पलीकडच्या कडेवरचा सगळा समाज. पण काय तो सेन्सर! फोटो मोठा करत गेलो तर माणूस न् माणूस ओळखू येत होता. मोठा करता करता सचिव कपिल दिसले. त्या दिवशी कपिल घरी सांगून आले होते की मंचरला दाढ काढायला जातो. फोटोत ते ऊस खात होते. आणखी मोठा केला, तर त्याच दाढेनं खात होते. कपिलच्या घरच्या तेजस्विनीवहिनींनी तो फोटो फ्रेम करून घेतला. त्या दिवसापासून मोठ्या सेन्सरविषयी माझ्याही मनात आदर निर्माण झाला.

गेणूशेठ दोन्ही फोटो बघून म्हणाले, "काय राव! मला माज्या बैलाचा फोटू पायजे व्हता. येकानं दुसऱ्याची घोडी आनली न् येकानं शेपूट!"

म्हणजे निकाल लागला नाही. मतदान घ्यायचं ठरलं. मतदानाआधी प्रत्येक बाजूनं बोलायचं होतं. आणि इथं मी जे बोललो, ते आज मला या माईकवरून परत सांगायचं आहे. मी म्हणालो, "मंडळी, मोठा सेन्सर मागणाऱ्याचा कॅमेरा हळू नाही, हातच आता चालत नाही!" सगळं सभागृह हसलं. धर्माजी सगळ्यात जास्त हसला.

हात वर करून मोजणी झाली. तेरा मोठ्याला, तेरा वेगाला. राहिला एकटा धर्माजी. आम्ही बेरीज करून टाकली होती, चौदा-तेरा, आपण हरलो. अध्यक्षांनी विचारलं, "वेगवान कॅमेऱ्याच्या बाजूनं आणखी कोणी?" आणि धर्माजीनं हात वर केला. वर केला आणि लगेच खाली घेतला. मला वाटलं, माझं भाषण त्याला पटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन रस्ता ओलांडला. खरं सांगतो, चिडवायला गेलो होतो. आत डोंगराकडच्या एका गावाहून एसटीनं आलेल्या लंकाबाई स्टुलावर बसल्या होत्या, कसल्याशा अर्जाला फोटो हवा होता म्हणून. धर्माजीनं कॅमेरा हातात घेतला, डोळ्याला लावला आणि म्हणाला, "आजी, हलू नका."

लंकाबाई म्हणाल्या, "मी कुटं हलतीया? मला म्हनतूस हलू नगं, आन् तुजाच हात किती हलतुय रं बाबा!"

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

तुम्हाला आठवतं का, गेल्या वर्षभरात धर्माजीनं चहा सोडला होता? मीटिंगमध्ये सगळ्यांना चहा यायचा, हा नको म्हणायचा. आपण काय काय बोललो! पित्त झालंय म्हणालो. मोठा माणूस झालाय, आपला चहा आवडत नाही म्हणालो. हे वाक्य माझंच. तो चहा नको म्हणायचा, कारण कपबशीचा आवाज झाला असता.

लंकाबाई गेल्यावर मी विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?" तर म्हणाला, "समोरच्याला सांगायचं व्हय?" आणि हसला. मग मी विचारलं, "मोठा कॅमेरा तुला त्यासाठीच पायजे व्हता ना? ट्रायपॉडवर ऱ्हातो, हात लावावा लागत न्हाई." तर म्हणाला, "व्हय. म्हनून तर मत दिलं न्हाई त्याला. माज्या हातासाठी सव्वीस जनांनी हळू काम करायचं? लग्नातली मानसं काय थांबत्यात का?"

मंडळी, मी तिथंच बसून रडलो. ते मी इथं सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं, पण सांगून टाकलं. बाकीचं सांगायला त्याचीच परवानगी आहे. तो म्हणाला, "तूच सांग. मी सांगितलं तर लोक गप व्हतील. तू सांगितलंस तर हसतील." आणि तुम्ही हसलात, त्याबद्दल मी आपला आभारी आहे.

आता त्या झाकलेल्या ट्रायपॉडकडे वळतो. धर्माजीनं जाहीर केलंय की आज सत्कार झाला की उद्या स्टुडिओवरचा बोर्ड उतरणार. अंजनावहिनी, आपल्याला माहीत आहे, त्यानं पाना आणि शिडी आजच माझ्याकडून मागून नेलीय. समोरच्याकडूनच! मी दिली. पण शिडीची एक पायरी काढून ठेवलीय.

कपिल, कापड काढा. हा तोच मोठ्या सेन्सरचा कॅमेरा. मी परत भाड्यानं आणलाय. पातळी मी लावलीय, त्यामुळे क्षितिज थोडं वाकडं येईल. त्याला ही लांब तार जोडलीय आणि तारेच्या टोकाला बटण आहे. हात कितीही हलला तरी कॅमेऱ्याला कळत नाही. लंकाबाईंना ज्या अर्जासाठी फोटो हवा होता, तसे अर्ज या तालुक्यात रोज भरले जातात. त्या माणसांना सेकंदाला तीस फोटो नको असतात, एकच हवा असतो. लग्नं आम्ही पळत पळत करू. स्टुलावर बसलेल्या माणसासाठी समोरचं दुकान उघडं राहू दे. मला सकाळी शटर वर करून बघायला समोर कुणीतरी लागतं.

अध्यक्ष महोदय, आपण मला वेळ दिलात. मॅडम, आपण दुसऱ्यांदा आमच्यात आलात. आणि आचाऱ्यांनी माझं भाषण लांबतंय हे ओळखून भात झाकून ठेवला, या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाची दाढ, कुणाची घोडी, कुणाचं शेपूट निघालं असेल तर पोटात घाला. इतरांनी उद्या क्षमा केली तरी चालेल. त्या मतदानाच्या दिवशी मी जे बोललो, त्याची क्षमा मात्र मला एकाच माणसाकडून हवी आहे, आणि ती तोंडी नको.

धर्माजी, खाली ये. हे बटण घे. आज या सभागृहाचा फोटो तू काढायचास. मी समोर, पहिल्या रांगेत जमिनीवर बसतो.

आणि आता मी गप्प बसतो, कारण पुढचे दोन शब्द त्यानेच म्हणायचे आहेत.