मधलं पान

नाही हो दीपकभाऊ, तुमची वायर मी कशाला घेऊ? मी पेपर वाचतोय ना — सकाळपासून वाचतोय. तुम्ही बाहेर चहाला गेलात, कामिनीताई आत पुस्तकांवर नंबर चिकटवत होत्या, मग इथं उरलं कोण? मीच उरलो, बरोबर — पण मी म्हातारा माणूस, जिनिंगमध्ये जन्मभर कापूस तोलला, मला तुमच्या व्हिडिओ गेममधलं काय कळतं? पिशवीकडे नका बघू. भरताची वांगी आहेत, सुनेनं सांगितलेली.

आणि मी म्हणतो, वाचनालयात गेम हवाच कशाला? आमचा सेक्रेटरी योगेंद्र म्हणतो, नाना, पोरं खेळायला येतील, मग हळूहळू पुस्तकाला हात लावतील. लावतील? लग्नात नुसतं जेवायला आलेला माणूस मंगलाष्टकांना थांबतो का? आणि टीव्ही, सेट, सगळं त्याच्या साडूनं फुकट दिलं म्हणे. शिरपुरात फुकट काय मिळतं हो? ऊन. मला तर यात वेगळाच वास येतोय — आज टीव्हीला जागा हवी म्हणून हे टेबल उचलायचं, उद्या टेबलावरचे म्हातारे उचलायचे, आणि परवा स्टँडकडची ही भिंत फोडून दुकानाचं शटर बसवायचं. तुम्हाला ठाऊक नसेल. की आहे? धुळ्याहून तुम्हाला पाठवलं कुणी — त्या साडूनंच ना? बघा.

हे टेबल हलायचं नाही. का म्हणजे? अहो, इथं पेपर यायचा एक आणि वाचणारे टेबलभर. मग पानं सुटी करून वाटून घ्यायचो — पहिलं पान नथ्थूआप्पाकडे, बाजारभाव माझ्याकडे, मधलं पान छगनआबाकडे. आबा एकेक अक्षर चघळायचा, निधनवार्तासुद्धा. वाचून झालं का म्हणून मी इकडून टोचायचो, 'वाची व्हयनं का, आबा?' तो म्हणायचा, 'थांब, आजून एक मानूस बाकी शे.' मग हसणं, मग कामिनीताईंचं त्या 'शांतता राखा' पाटीकडे बोट — रोजचंच. आप्पा मुलाकडे नाशिकला गेला. आणि एके दिवशी मधल्या पानावर आबाचाच फोटो आला. त्या दिवशी ते पान मला मागावं लागलं नाही. आता पेपर अख्खा माझ्याच हातात येतो, घडीसुद्धा न मोडलेला. लोक म्हणतात, नाना, तुमची मजा आहे. कसली मजा, कप्पाळ. परवा मी मुद्दाम मोठ्यानं खोकलो — ताईंनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. भीती वाटते हो या शांततेची.

ते दोन रिमोट कशाला? दोघांनी खेळायचं? आणि एकटाच आला तर — मशीनच दुसरा गडी होतं? असं. मग ते मशीन विचारतं का, झालं का तुझं म्हणून? नाही ना विचारत? तिथंच फसलं बघा तुमचं.

पोरांवर माझा राग नाही, येऊ द्या, घालू द्या धिंगाणा, मला तर हवाच आहे — पण टेबल गेलं तर मी बसू कुठं? घरी? घरी जो तो मोबाइलमध्ये. तेव्हा तुम्ही योगेंद्रला सांगा, वायर हरवली, काम होत नाही. आता ती काळी वायर, सोनेरी तोंडाची, रबर लावून गुंडाळलेली, ती काय कुठंही —

काय बघता? तुम्हीच सांगितलं असेल ना, रबर लावलेली म्हणून. नाही सांगितलं?

बरं. कामिनीताईंना हाक मारू नका. बसा त्या खुर्चीत — आबाची आहे, चालेल. हे घ्या मधलं पान. सावकाश वाचा, मला घाई नाही. वाचून झालं की इकडे द्या, मग बघू वांग्यांखाली काय आहे ते.