पुरा पत्ता

हसू नका, पण मीसुद्धा फसता फसता राहिले. आरोग्य केंद्रात नोकरी झाली, त्यामुळं अख्खं जळकोट मला सिस्टर म्हणतं. त्या दिवशी दळण घेऊन सुलोचनाच्या गिरणीत बसले होते. लेकीनं पुण्याहून बीपीचं मशीन पाठवलेलं, त्याचीच वाट बघत होते. तेवढ्यात मेसेज आला, ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल थांबले आहे. लिंक उघडून पाच रुपये भरा.’

पाचच रुपये! मी मेसेज सुलोचनाला दाखवला नि कार्डाचा नंबर टाकायला लागले.

सुलोचनानं गिरणी बंद केली. "थांबा सिस्टर. तुमच्या पार्सलवर पुरा पत्ता होता कधी?"

खरंच की. आमच्याकडं घराला नंबर न्हाय. ‘सिस्टर, सुलोचनाची गिरणी, जळकोट’ एवढंच असतं. कुरिअरवाला सगळ्यांची पार्सलं गिरणीत ठेवतो, ज्यानं त्यानं दळणाबरोबर न्यायची. आजवर एकही अडलं नव्हतं.

"वाचले बाई," म्हणत मी मेसेज पुसायला गेले.

"पुसू नका. आधी सायबर पोलिसांना कळवा."

"अगं, माझं कुठं काय गेलंय?"

तिनं हाताचं पीठ झटकलं. "तुमी गिरणीत बसला होता म्हणून वाचला. घरात एकटं बसून कुणी हाच मेसेज वाचत असंल, त्याला थांबा कोण म्हणणार?"

मी तिथंच बसून तक्रार लिहिली. पत्ता विचारला होता. पुरा लिहिला: सिस्टर, सुलोचनाची गिरणी, जळकोट.