पहिल्या खंडाचा शेवट

परदेशात, मरीन परेडच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी कानावर पडलं, तशी अंजलीनं इअरफोन काढले. साठीचं जोडपं होतं.

“पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. माझ्या ‘देवमाशांचं राज्य’ कादंबरीचे पाचही खंड छापतायत.”

“मग तोंड असं का? इतकी वर्षं त्याचीच वाट बघत होतात ना?”

“अट घातलीय. पहिल्या खंडाच्या शेवटी राजकन्या मरायला हवी. त्याशिवाय पुढचं युद्ध पेटत नाही म्हणे.”

“मग मारा.”

“लीला, आपल्या ईशावरून लिहिलीय ती! शेवटच्या खंडात गादीवर बसवलंय मी तिला. परत मारू?”

“परत कशाला? तुम्ही तिला एकदाही मरू दिलेलं नाही.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“इथं कुणाला मराठी कळतंय! हॉस्पिटलात मी एकटी होते, तुम्ही बोटीवर. घरी आलात ते थेट लिहायलाच बसलात. पोरगी कशी गेली, एका शब्दानं विचारलं नाहीत.”

“धीर झाला नाही गं.”

“आता विचारा. मी सांगते, तुम्ही लिहा.”

अंजलीचा स्टॉप येऊन गेला. ती उठली नाही.

“शेवटी… काही बोलली का ती?”

“दार वाजलं की विचारायची, बाबा आले का? डोळे उघडत नव्हते तिचे. शेवटी मी हो म्हणाले, आणि तिथल्या मेल नर्सचा हात तिच्या हातात दिला. तो घट्ट धरूनच गेली.”