बंद केलेली नोंद

कंपनीतर्फे डोळ्यांची तपासणी होती. थेंब घातल्यामुळे ती डोळे मिटून बाकावर बसली होती. पाठीमागच्या बाकावर दोघं येऊन टेकले. तिच्या जुन्या टीममधले. आवाज तिने लगेच ओळखले.

“अँब्युलन्स पोचलीच नाही वेळेवर. तो माणूस आयसीयूत आहे.”

“आपल्या ॲपमुळे?”

“एकाच बिल्डिंगमधून दोघांनी बोलावली. ॲपने एकच मागणी दोनदा आली समजून दुसऱ्याला गाळलं.”

“अरे, हे तर नाटबाईने टेस्टिंगमध्येच पकडलं होतं!” प्रत्येक कामात नाट लावते म्हणून टीमने तिलाच ठेवलेलं हे नाव.

“हळू बोल. तिने सिस्टीममध्ये टाकलेली चुकीची नोंद मीच बंद केली. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ असं लिहून.”

“न बघताच?”

“तू बघितलं होतंस? सकाळच्या मीटिंगला आपण सगळे उभ्या उभ्या ‘काही अडचण नाही’ म्हणून मोकळे व्हायचो, आणि ही बया रोज नवी अडचण घेऊन हजर. सरांचं डोकं उठायचं.”

“म्हणून तर तिला खालच्या मजल्यावर धाडलं.”

“बरंच झालं. टेस्टिंग कुणाचं होतं विचारलं, की तिचं नाव सांगायचं.”

“आणि ती नोंद?”

“उडवली. आज सकाळीच.”

“ती बोलली तर?”

“तिला विचारतंय कोण?”

नर्सने दारातून हाक मारली, “थेंब घातलेल्या मॅडम, या आत. दिसतंय ना? की हात देऊ?”

ती उठली, मागच्या बाकाकडे वळली, आणि मीटिंगमध्ये जे तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, ते खणखणीत आवाजात म्हणाली,

“काही अडचण नाही.”