ब्रेक लागला, पण मारला कुणी?

चप्पल तुटली ना, तेव्हाच मला कळायला हवं होतं! नाही, हसू नका, तुम्हाला सांगते, एकवीस दिवसांच्या ड्रायव्हिंग क्लासात माझ्या तीन चपला तुटल्या, तिन्ही उजव्या पायाच्या, तिन्हींचा अंगठाच तुटला, आणि आई म्हणते, "अगं, गाडी शिकतेस का गाडीला लाथा घालतेस?" आणि मी काय केलं? चपलेला नावं ठेवली! शंभर रुपयांत असंच येणार म्हटलं… थांबा हं एक मिनिट, रिंग जातेय… जातेय… नाही उचलत! नववी वेळ ही. आमच्या सरांच्या फोनला रिंगच्या जागी आरती लागते हो, नऊ वेळा झाली आरती, आई आतून विचारते, आता प्रसाद वाटू का?

तर उद्या सकाळी दहाला माझी टेस्ट आहे आणि एका प्रश्नाचं उत्तर मला आज, आत्ता हवंय. ब्रेक लागला… पण मारला कुणी?

सांगते, पहिल्यापासून सांगते. आमचा क्लास अंबरनाथ पूर्वेला, शिकवायला चंदर सर, उल्हासनगरचे, सिंधी, वय साठ, आवाज असा की बाजूच्या गाडीतला माणूसपण गिअर बदलेल! आणि मी? मी कशालाही दचकते. कुकरची शिट्टी झाली, दचकले. दाराची बेल, दचकले. आणि दचकले की माझं एक ठरलेलं आहे, डोळे गच्च मिटायचे आणि पाय असा… धाप्! खालच्या मजल्यावरच्या अंजनीकाकू रोज वर येतात. "तेजल, बाळा, तू दचकतेस ते ठीक आहे गं, पण आमचा पंखा हलतो!" आता अशा मुलीला कुणी गाडी शिकवेल का? पण सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेटा, डरनेका नाय! हे बघ, माझ्या पायात पण ब्रेक आहे. तू चालव, मी आहे ना!" क्लासच्या गाडीत असतो ना तो, शिकवणाऱ्याच्या बाजूला जास्तीचा ब्रेक, तो! वाकून बघितला मी. होता! म्हटलं देव पावला.

आणि मग सोळाव्या दिवशी… उल्हासनगरच्या रस्त्याने आम्ही चाललोय, पुढे एक स्कूटर, तिच्यावर जीनच्या पँटींचं हे एवढं गाठोडं, आणि ते सुटलं! आणि रस्त्यावर एक पँट अशी पाय पसरून पडली, मला वाटलं, अगंबाई, अर्धा माणूस पडला, कंबरेखालचा! मी किंचाळले, डोळे मिटले… आणि उघडून बघते तर गाडी थांबलेली. पँटच्या वीतभर अलीकडे! बाजूला बघते तर सरांचा बूट त्यांच्या ब्रेकवर हा असा दाबलेला, सर घामाने भिजलेले. आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला. तिसरा. मी विचारलं, "सर, ब्रेक कुणी मारला?" सर घाम पुसत म्हणतात, "ब्रेक लागला ना बेटा? लागला! गाडी थांबला ना? थांबला! मग झाला!"

लागला! आता मी मराठी घेऊन बी. ए. केलेली मुलगी. 'ब्रेक लागला' ह्या वाक्यात कर्ता कोण, सांगा? व्याकरणाने बघाल तर ब्रेकच! म्हणजे काय, ब्रेक आपला आपणच लागला? भूक लागते तसा? ठेच लागते तसा? सोळा दिवस मी मोजत होते हो, आज पाच वेळा थांबले, आज सात वेळा थांबले, घरी येऊन वहीत लिहीत होते! आणि त्या रात्री पांघरुणात माझ्या डोक्यात आलं, बाई गं, तू थांबलीस कुठे, तू तर डोळे मिटलेस… थांबवलं सरांनी! सोळाच्या सोळा दिवस! ब्रेक लागला, पण मारला कुणी? मी नाही!

तुम्ही म्हणाल, एवढं काय, नापास झालीस तर परत दे. कशी देऊ? माझ्या बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, उल्हासनगरला, आणि आम्ही राहतो बदलापूरला. इतके दिवस विनीत, माझा भाऊ, गाडीने न्यायचा-आणायचा. त्याची बदली झाली नाशिकला, पुढच्या रविवारी चालला तो. मग सोमवारी बाबांना कोण नेणार? रिक्षाचं नाव काढलं की बाबा म्हणतात, "नको गं, चार तास बसून रक्त धुऊन घ्यायचं आणि खड्ड्यांतून येताना परत ढवळून घ्यायचं!" विनीत म्हणाला, मी बदली नाकारतो. तर बाबा त्याच्यावर ओरडले, म्हणाले, "काही नाकारायची नाही! तेजल नेईल. आमची तेजल पहिल्या झटक्यात पास होणार!" मला विचारलं का कुणी? गाडीची किल्ली नेऊन देवापाशी ठेवलीय त्यांनी, रोज हळदकुंकू वाहतात, किल्लीचं भोक बुजलं कुंकवाने! आणि काल डायलिसिसहून आले, जिना चढताना तीनदा थांबले, आणि वर येऊन मला काय म्हणतात? "सोमवारी मी पुढे बसणार हं, तुझ्या बाजूला." त्यांच्या बाजूला ब्रेक नाही हो! आमच्या गाडीत बाजूला नुसती पाण्याची बाटली आहे!

म्हणून मी तयारी म्हणाल तर काय नाही केली? आठ काढायचा सराव, घरात, दोन खुर्च्यांभोवती, चालत. रिव्हर्सचा सराव, स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत उलटी, आईच्या हातात वरणाचं पातेलं, ते जाऊ दे. चिन्हं सगळी पाठ. म्हटलं, काही झालं तर टेस्टला सर आहेतच बाजूला, हळूच मारतील ब्रेक, टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब मागे बसतील, त्यांना काय कळणार! हो, आला मनात विचार, खोटं कशाला बोलू… आणि आज चार वाजता क्लासच्या ग्रुपवर मेसेज. 'उद्या टेस्टला सर गाडीत बसणार नाहीत. बाजूला साहेब बसतील.' खाली सरांचा अंगठा! बाकी सगळ्यांचे पण अंगठे! मी एकटी हात जोडलेले टाकले.

आता मला फक्त एवढंच विचारायचंय सरांना, की सर, एकदा तरी? एकवीस दिवसांत एकदा तरी मी मारला का हो ब्रेक? नसेल मारला तर मी जाऊन बाबांना सांगते, किल्ली देवापुढून उचला, विनीतला सांगते नको जाऊस. ते चुकीचं असेल, पण बाबांना घेऊन कुठे आदळण्यापेक्षा… दहावी वेळ. आरती चालू झाली. अंजनीकाकू खालून ओरडताहेत, "तेजल, किती येरझाऱ्या, आज पंखा हलायचा थांबतच नाहीये गं!" अहो काकू, ब्रेक नाहीये मला, कशी थांबू… ब्रेक लागला, पण मारला कु…

हॅलो? हॅलो! लागला, फोन लागला! सर, मी तेजल! सर, एकच सांगा, खरं सांगा, ब्रेक कोण मारायचं, तुम्हीच ना?… काय?… परत बोला… अहो मंडळी, ऐका काय म्हणतात, "कौनसा ब्रेक बेटा? माझ्या साइडचा? तो तर गणपतीपासून तुटलाय! नुसता पेडल आहे, खाली काय पण नाय! मी आपला घाबरून पाय दाबत बसायचो… गाडी तर तूच थांबवायची!"

मी? डोळे मिटून? धाप् करून?… तीन चपला!

म्हणजे ब्रेक मला येतो हो. फक्त दचकल्याशिवाय येत नाही. तेव्हा एक उपकार करा, उद्या दहाला ट्रॅकच्या कडेला कुणीतरी येऊन उभे राहा आणि साहेब "थांबवा" म्हणाले की मला जोरात भॉक् करा… जास्तीची चप्पल मी आणते.